साखरेपलीकडचा मधुमेह : प्रस्तावना

मधुमेहाची ओळख साखरेवरून पटते, त्याची तीव्रता साखरेच्या आकड्यावरून ठरते, आणि तो आकडा खाली आणला की चिकित्सेचे कर्तव्य संपले, अशी समजूत गेल्या शतकाच्या बहुतेक काळात रुग्णांच्या आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांच्याही मनात इतकी दृढमूल झाली होती की, मधुमेही मनुष्याच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयाचा व रक्तवाहिन्यांचा विकार हेच आहे, ही ग्रंथोग्रंथी नमूद असलेली गोष्ट प्रत्यक्ष औषधयोजना करताना विस्मरणात जात असे. गेल्या दहा-अकरा वर्षांत ही समजूत मोडली. ती मोडण्यास कारणीभूत झालेल्या औषधांचा, त्यांच्या गुणांचा, मर्यादांचा आणि किमतीचा परिचय सामान्य मराठी वाचकास करून द्यावा, एवढ्याच माफक हेतूने हे पुस्तक सिद्ध केले आहे.

पुस्तक जेथे लिहिले गेले त्या ठिकाणाचा निर्देश येथे अप्रस्तुत होणार नाही. ठाण्याचा टेंभी नाका हा जिल्ह्याच्या कारभाराचा आणि जिल्ह्याच्या आजारपणाचा, असा दोहोंचा नाका आहे. एका अंगाला कोर्ट नाका, कलेक्टर कचेरी आणि तारखेला आलेल्या पक्षकारांची वर्दळ. दुसऱ्या अंगाला विठ्ठल सायन्ना यांचे नाव धारण करणारे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला ठाणेकर पिढ्यान्‌पिढ्या नुसते ‘सिव्हिल’ म्हणत आले आणि ज्याच्या दारी शहापूर-मुरबाडपासून भिवंडीपर्यंतचे रोगी उतरत आले. त्या रुग्णालयाच्या आश्रयाने वाढलेल्या औषधांच्या दुकानांपुढे थोडा वेळ उभे राहिले, तरी या पुस्तकाची आवश्यकता ध्यानात येते. गिऱ्हाईक ‘शुगरची गोळी’ मागते, ‘बी.पी.ची’ मागते, महिन्याचे पैसे एकदम निघत नसल्यामुळे दहा गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून चार किंवा सहा गोळ्या घेते, आणि औषधाचे नाव व मुदत छापलेला तुकडा पुष्कळदा दुकानातच राहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या रिपोर्टांवर ‘उपाशीपोटी’ आणि ‘जेवणानंतर’ अशा दोन आकड्यांभोवती शाईने गोल केलेला असतो. त्या गोलाबाहेर लिहिलेले क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, लघवीतील प्रथिने, या कशाकडेही कोणी पाहिलेले नसते. ‘साखर किती आली?’ हा प्रश्न घरचे विचारतात, शेजारी विचारतात. ‘हृदय कसे आहे?’ हा प्रश्न अटॅक येऊन गेल्यावरच विचारला जातो.

या एककल्ली दृष्टीचा उगम समजून घ्यावयाचा तर थोडे मागे जावे लागेल. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केले होते आणि दोघांची चिकित्साही निराळी सांगितली होती. म्हणजे हा रोग एकजिनसी नाही, ही जाणीव आपल्याकडे प्राचीन आहे. परंतु आधुनिक चिकित्सेचा आरंभ १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोचण्यात आले तेव्हा झाला. मुलांना अल्पावधीत मृत्यूच्या दारी नेणारा रोग त्या औषधाने दीर्घकाळ सोबत करणारा झाला, साखर उतरली की रोगी वाचतो हे साऱ्या जगाने पाहिले, आणि त्या विजयाच्या तेजात पुढील दोन पिढ्यांची दृष्टी साखरेवरच खिळून राहिली. मध्यम वयात जडणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या ज्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाने आज घरोघर ठाण मांडले आहे, त्यालाही तोच न्याय लागू असेल, असे गृहीत धरले गेले.

त्या गृहीतकाला पहिला धक्का १९७० साली बसला. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी मिळून १९६१ पासून चालविलेल्या एका दीर्घ अभ्यासात टोल्ब्युटामाइड ही साखर उतरविणारी गोळी घेणाऱ्या रुग्णांत हृदयविकाराने झालेले मृत्यू, दिसायला तशीच पण औषधरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक निघाले. या निष्कर्षावर वर्षानुवर्षे वाद माजला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि त्या जातीच्या गोळ्यांच्या वेष्टणपत्रावर इशारा छापला जाण्यास १९८४ साल उजाडले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील वीस वर्षांच्या अभ्यासाने डोळे व मूत्रपिंडे यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे रक्षण साखरेच्या नियंत्रणाने होते, हे निर्विवाद सिद्ध केले आणि स्थूल रुग्णांत मेटफॉर्मिनने हृदयविकाराचे प्रमाणही घटते असा दिलासा दिला. मग साखर आणखी खाली ओढली तर हृदयाचा आणखी लाभ होईल, या अपेक्षेने १०,२५१ रुग्णांवर ‘अकॉर्ड’ नावाची चाचणी सुरू झाली. परंतु तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारा एच.बी.ए.वन.सी. हा आकडा सहाच्या खाली आणण्यासाठी ज्यांना कसून औषधे दिली, त्यांच्यातच मृत्यू अधिक होऊ लागल्याचे आढळून २००८ च्या फेब्रुवारीत तो कसून उपचार करण्याचा भाग थांबवावा लागला. एका गटात २५७ मृत्यू, दुसऱ्यात २०३. आकडा सुधारला होता आणि माणसे अधिक मेली होती.

याच सुमारास रोसिग्लिटाझोनचे प्रकरण उघडकीस आले. साखर उत्तम उतरविणारे, खपाने उच्चांक गाठलेले हे औषध. परंतु क्लीव्हलँडचे हृदयरोगतज्ज्ञ स्टीव्हन निसेन यांनी २००७ च्या मे महिन्यात ४२ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून त्या औषधाने हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका ४३ टक्क्यांनी वाढतो, असा हिशेब मांडला. त्यावर पुष्कळ उलटसुलट चर्चा झाली; तथापि भारत सरकारने २०१० साली त्या औषधावर बंदी घातली. त्याच कुळातल्या पायोग्लिटाझोनवर २०१३ च्या जूनमध्ये निघालेला बंदीहुकूम मात्र थोड्याच आठवड्यांत मागे घेऊन वेष्टणावर इशारा छापण्याची अट घालण्यात आली. या साऱ्या गदारोळातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ च्या डिसेंबरात असा दंडक घातला की, यापुढे मधुमेहाचे कोणतेही नवे औषध हृदयाला अपाय करीत नाही, याचा दाखला औषध बनविणाऱ्याने दिला पाहिजे. नुसती साखर उतरवून सनद मिळणार नाही.

दंडकाचा हेतू केवळ अपाय टाळण्याचा होता. कंपन्यांनी नाइलाजाने हजारो रुग्णांच्या, कित्येक वर्षे चालणाऱ्या चाचण्या हाती घेतल्या आणि प्रथम जे निष्कर्ष आले ते अपेक्षेप्रमाणे नीरस होते. ग्लिप्टिन या नावाने आपल्याकडे सुपरिचित असलेल्या गोळ्यांपैकी सिटाग्लिप्टिन हृदयाच्या बाबतीत निरुपद्रवी पण निरुपयोगी ठरली. सॅक्साग्लिप्टिन घेणाऱ्यांत हृदयाची पंप करण्याची शक्ती मंदावून रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी अधिक निघाले. मग २०१५ च्या सप्टेंबरात स्टॉकहोम येथील युरोपीय मधुमेह परिषदेत एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीचा निष्कर्ष वाचला गेला आणि निरुपद्रवीपणाचा दाखला मिळविण्यासाठी केलेल्या खटाटोपातून कोणीही मागितले नव्हते असे दान पदरात पडले.

या चाचणीचा तपशील थोडा विस्ताराने देतो. कारण पुढील सर्व प्रकरणांचा पाया तीच आहे. ४२ देशांतील ७,०२० मधुमेही रुग्ण, सर्वांना आधीच हृदयाचा अथवा रक्तवाहिन्यांचा विकार जडलेला, आणि जवळजवळ सर्वांना त्यासाठी योग्य ती जुनी औषधे चालू असलेली. त्यांपैकी दोन भागांना चालू औषधांच्या जोडीला एम्पाग्लिफ्लोझिन आणि एका भागाला औषधरहित गोळी देण्यात आली. साधारण तीन वर्षांनी पाहता हृदयविकाराने झालेले मृत्यू औषधरहित गटात शेकडा ५.९ आणि औषध घेणाऱ्या गटात शेकडा ३.७ होते, हृदय मंदावल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि कोणत्याही कारणाने येणाऱ्या मृत्यूचे प्रमाण ३२ टक्क्यांनी घटले होते. जाहिरातीत ‘हृदयमृत्यूत ३८ टक्के घट’ असे वाक्य वाचून शंभरातले अडतीस जण वाचले असा समज होतो, तो चुकीचा आहे. शंभरांतल्या सुमारे सहांपैकी दोघे वाचले, असा त्याचा खरा अर्थ. पण आधीच इतकी औषधे घेत असलेल्या रुग्णांत, केवळ तीन वर्षांत, दर शंभरी दोन जीव ही लहान मिळकत नव्हे. हेही सांगितले पाहिजे की, हृदयविकाराचा झटका आणि अर्धांगवायू यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नव्हता. लाभ मुख्यत्वे हृदयाच्या मंदावण्यापासूनचा होता, आणि तो पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागला होता.

हे औषध कार्य कसे करते, हे समजल्यावाचून पुढचा विचार होणार नाही. आपली मूत्रपिंडे दररोज सुमारे १८० ग्रॅम साखर रक्तातून गाळून काढतात आणि लगोलग ती पुन्हा रक्तात घेतात. या परत घेण्याच्या कामाचा सुमारे नऊदशांश भार एका विशिष्ट वाहक प्रथिनावर असतो. सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून १८३५ साली रसायनशास्त्रज्ञांनी फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा केला होता, आणि तो पोटात गेला असता लघवीतून साखर जाते, हे १८८६ साली योझेफ फॉन मेरिंग यांनी दाखविले होते. त्या पदार्थाचे अधिक सुटसुटीत वंशज म्हणजे आजची ‘ग्लिफ्लोझिन’ मंडळी : डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, आणि मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने २०१९ साली जगात प्रथम भारतात विक्रीस आणलेले रेमोग्लिफ्लोझिन. ती वाहकाला अटकाव करतात आणि दररोज साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. तिच्याबरोबर क्षार जातो, पाणी जाते, आणि अडीचशेच्या आसपास कॅलरीही जातात. लघवीत साखर दिसणे हे ज्या रोगाचे शतकानुशतकांचे लक्षण, त्या रोगावर लघवीत अधिक साखर सोडण्याचा इलाज निघावा, हा वैद्यकाच्या इतिहासातील मोठाच विपर्यास म्हणावा लागेल.

दुसरे कुळ आतड्याशी निगडित आहे. जेवण आतड्यात उतरले की तेथून एक संप्रेरक स्रवते, ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्याची सूचना देते, जठराची गती मंद करते आणि मेंदूला पोट भरल्याची वर्दी देते. परंतु त्याचे आयुष्य काही मिनिटांचे असल्यामुळे औषध म्हणून त्याचा उपयोग होत नसे. अमेरिकेच्या वाळवंटातील हीला नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्याशी साम्य असणारे पण टिकाऊ द्रव्य सापडले, आणि त्यावरून घडविलेले एक्झेनाटाइड २००५ साली बाजारात आले. पुढे लिराग्लुटाइड, डुलाग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही अधिकाधिक काळ टिकणारी इंजेक्शने आली. २०१६ साली ९,३४० रुग्णांच्या चाचणीत लिराग्लुटाइडने हृदयमृत्यू, झटका व अर्धांगवायू यांचे एकत्रित प्रमाण १३ टक्क्यांनी घटविले. त्याच वर्षी सेमाग्लुटाइडने ते २६ टक्क्यांनी घटविल्याचे दिसले. आणि २०२३ साली १७,६०४ अशा स्थूल हृदयरोग्यांवर, ज्यांना मधुमेह नव्हताच, सेमाग्लुटाइडने तेच प्रमाण २० टक्क्यांनी उतरविले. त्याआधीच, २०१९ साली, डापाग्लिफ्लोझिनने मंदावलेल्या हृदयाच्या रुग्णांत मधुमेह असो वा नसो सारखाच गुण दिला होता. मधुमेहासाठी जन्मलेल्या औषधांची मधुमेहाशी असलेली गाठ अशी सुटली.

आता या पुस्तकाच्या मध्यवर्ती प्रश्नाकडे वळतो. हृदयविकाराला कारणीभूत होणाऱ्या घटकांवर, म्हणजे रक्तदाब, वजन, रक्तातील स्निग्ध द्रव्ये, साखर व मूत्रपिंडांची स्थिती यांवर, ही औषधे नेमका काय परिणाम करतात? ग्लिफ्लोझिनाने वरचा रक्तदाब सरासरी तीन ते पाच अंश उतरतो, वजन दोन-तीन किलो घटते, युरिक ॲसिड कमी होते. पण अपायकारक मानले जाणारे एल.डी.एल. कोलेस्टेरॉल किंचित वाढते. आतड्याच्या संप्रेरकाच्या औषधांनी रक्तदाब दोन-तीन अंश उतरतो, ट्रायग्लिसराइड घटते, वजन तर पुष्कळच उतरते, आणि नाडी मात्र मिनिटाला दोन ते चार ठोके वाढते. एखाद्या पेढीची खतावणी तपासावी तशी ही जमेची व खर्चाची कलमे मांडून बेरीज केली, तर शिल्लक जेमतेम निघते. प्रत्यक्षात तिजोरीत मात्र तिच्या कितीतरी पट रक्कम सापडते. रक्तदाब दहा अंश उतरविला तर हृदयरोगाच्या घटना साधारण एकपंचमांशाने घटतात, असा जुन्या औषधांचा अनुभव. मग चार अंशांच्या उताराने आणि साखरेतील अल्पशा फरकाने, तेही पहिल्या काही महिन्यांतच गुण दिसू लागून, हृदयमृत्यू एकतृतीयांशाहून अधिक कसे घटले?

याचे उत्तर असे की, आपण ज्यांना धोक्याचे घटक म्हणून मोजत आलो, ते धोक्याचे सर्वस्व नव्हते. एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीचे पुनर्विश्लेषण करणाऱ्यांना असे आढळले की, साखर, रक्तदाब, वजन यांपेक्षा रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणात झालेली वाढ लाभाच्या सुमारे अर्ध्या भागाशी जुळते. म्हणजे शरीरातील अतिरिक्त पाण्याचा निचरा आणि मूत्रपिंडांना मिळालेली विश्रांती यांचा येथे संबंध असावा. म्हणूनच त्या कुळाचा गुण त्वरित दिसतो आणि मंदावलेल्या हृदयात अधिक दिसतो. आतड्याच्या संप्रेरकाची औषधे याच्या उलट सावकाश काम करतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील दाह व मेदाचा थर यांवर त्यांचा रोख असतो, आणि त्यांचा गुण झटका व अर्धांगवायू टाळण्यात अधिक प्रकटतो. एकाच ‘शुगरच्या इंजेक्शना’च्या किंवा ‘शुगरच्या गोळी’च्या नावाखाली वावरणारी ही दोन कुळे हृदयाच्या दोन निरनिराळ्या व्याधींवर लागू पडतात, हा भेद ध्यानात ठेवणे रुग्णाच्या हिताचे आहे, आणि २०२३ च्या युरोपीय हृदयरोग मार्गदर्शनाने हृदयविकार असलेल्या मधुमेही रुग्णास ही औषधे साखरेचा आकडा कितीही असो द्यावीत, असे जे सांगितले, त्याचे मर्मही हेच आहे.

परदेशी चाचण्यांचे निष्कर्ष आपल्या शरीरास जसेच्या तसे लागू पडतील काय, ही शंका रास्त आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे नाव या संदर्भात कृतज्ञतेने घेतले पाहिजे. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी आपलेच एक छायाचित्र लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केले : दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी चालविलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन अवघे २.७ किलो भरले, ब्रिटनमधील बालकांपेक्षा आठशे ग्रॅमने कमी. तरीही त्या कृश बालकांच्या अंगावरील मेद त्या मानाने घटलेला नव्हता, घटले होते ते स्नायू. आपल्याकडील मधुमेह हा बारीक दिसणाऱ्या पण पोटात मेद साठविलेल्या माणसाचा मधुमेह आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशात सुमारे दहा कोटी मधुमेही असल्याचे सांगतात. आणि दक्षिण आशियातील माणसास पहिला हृदयविकाराचा झटका इतर देशांतील माणसापेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो, असे बहुराष्ट्रीय अभ्यासात आढळले आहे. म्हणून हृदयरक्षक औषधाची गरज आपल्याला अधिक, हे खरे. परंतु ज्यांच्या अंगावर मुळात स्नायू कमी, त्यांनी वजन झपाट्याने उतरविणारे इंजेक्शन घेताना मेदाबरोबर स्नायूही झिजतात, हे विसरता कामा नये. डाळ, उसळ, दूध, अंडी यांचे प्रमाण आणि जोर-बैठकांसारखा व्यायाम यांवाचून ते इंजेक्शन अपुरे आहे.

अपायांचे प्रकरण आम्ही हेतुतः विस्ताराने लिहिले आहे, आणि त्यातील पुष्कळ मजकूर या नाक्याच्या चालीरीतींना धरून आहे. आश्विनात आनंद दिघे यांनी सुरू केलेला देवीचा उत्सव येथे भरतो तेव्हा नऊ दिवसांचे उपास धरणाऱ्या स्त्रीपुरुषांची गर्दी रस्ता अडवते. १८७९ साली बांधलेल्या सिनेगॉगातील बेने इस्राएल मंडळी योम किप्पूरला रात्रंदिवस निर्जळ राहतात. मुसलमान कुटुंबांत रमजानचे रोजे असतात. जवळच्या अग्यारीत जाणारा पारशी समाज तेवढा धर्मतः उपासापासून मुक्त. ग्लिफ्लोझिन चालू असताना अन्नपाणी वर्ज्य केले, तर शरीर मेद जाळू लागते आणि रक्तात आम्लता वाढून प्राणावर बेतू शकते. यातील कपट असे की, त्या वेळी साखर फारशी चढलेली नसते, त्यामुळे ‘साखर तर बरी आहे’ म्हणून उलट्या व धाप यांकडे दुर्लक्ष होते. निर्जळ उपास, जुलाब-वांत्या, ताप, किंवा ठरलेली शस्त्रक्रिया, या प्रसंगी ती गोळी किती दिवस आधी बंद ठेवावयाची, हे डॉक्टरांना विचारून आधीच ठरवून ठेवावे. इन्शुलिन घेणाऱ्याने ते मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

लघवीचे प्रमाण वाढते, हेही या गोळीचे अंगभूत लक्षण. कल्याण-डोंबिवलीहून सकाळी लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या स्त्रिया स्थानकांवरील स्वच्छतागृहांच्या धास्तीने घरून निघताना पाणीच पीत नाहीत, ही सर्वविदित गोष्ट आहे; या औषधाबरोबर ती सवय टिकविली तर चक्कर येणे, रक्तदाब एकाएकी उतरणे, मूत्रपिंडांवर ताण पडणे हे ओघानेच आले. गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होण्याचे प्रमाण वाढते आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत तर विशेष. तो साध्या औषधाने बरा होतो, पण लाजेस्तव कोणी सांगत नाही आणि गोळीच परस्पर सोडून देतात. संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी मळमळ, वांती, बद्धकोष्ठ होते, पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. आणि साखर फार वेगाने उतरली तर आधीच बिघडलेले डोळे अधिक बिघडू शकतात, म्हणून आरंभापूर्वी नेत्रपटल तपासून घेणे इष्ट.

नव्याचा गौरव करताना जुन्याचा अवमान होऊ नये, असेही येथे आवर्जून नमूद करतो. डेन्मार्कमधील १६० मधुमेही रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा एकाच वेळी कसून बंदोबस्त केला असता हृदयरोगाच्या घटना निम्म्याने घटल्या. तो निष्कर्ष २००३ सालचा, म्हणजे या नव्या औषधांच्या जन्मापूर्वीचा आहे. कोलेस्टेरॉलची स्वस्त गोळी, रक्तदाबाची स्वस्त गोळी, तंबाखूचा त्याग आणि तलावपाळीला रोजच्या फेऱ्या, या चार गोष्टींना ज्याने रजा दिली, त्याला महागडे इंजेक्शन तारील अशी आशा बाळगणे व्यर्थ होय. वर सांगितलेल्या सर्व चाचण्यांत नवे औषध जुन्या औषधांच्या जोडीला दिले होते, ही गोष्ट जाहिरातींत सहसा आढळत नाही.

राहिला किमतीचा प्रश्न, आणि आमच्या मते तो वैद्यकाच्या बाहेरचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ग्लिफ्लोझिनांना २०२१ साली आणि संप्रेरकाच्या औषधांना २०२५ साली आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. परंतु टेंभी नाक्याच्या दुकानात ती यादी चालत नाही, तेथे पेटंटची मुदत चालते. डापाग्लिफ्लोझिनची मुदत २०२० च्या ऑक्टोबरात संपली आणि अनेक भारतीय कंपन्यांची तीच गोळी अल्प किमतीत मिळू लागली. एम्पाग्लिफ्लोझिनची मुदत २०२५ च्या मार्चमध्ये संपली आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहा रुपयांच्या आत आली. सेमाग्लुटाइडची मुदत २०२६ च्या मार्चमध्ये संपली. स्वस्ताईचे स्वागतच केले पाहिजे, पण तिच्या पाठोपाठ एक नवी अडचण उभी राहते : एकाच गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधे भरून निरनिराळ्या नावांनी विकली जातात, आणि आपण ग्लिफ्लोझिन घेत आहोत हेच रुग्णाला ठाऊक नसते. ज्याला ते ठाऊक नाही, तो उपासाच्या दिवशी कोणती गोळी वगळणार? यास्तव पुस्तकाच्या अखेरीस औषधांच्या कुळांची मूळ नावे बाळबोध लिपीत मोठ्या टाइपात दिली आहेत. पट्टीवरील बारीक अक्षरे त्यांच्याशी ताडून पाहावीत, आणि पट्टी कापून घेताना नावाचा तुकडा मागून घ्यावा.

हे पुस्तक डॉक्टरांची जागा घेण्यासाठी लिहिलेले नाही आणि त्यातील मजकुराच्या आधारे कोणी आपली औषधे परस्पर बदलू नयेत, हे निराळे सांगावयास नको. वाचकाकडून आमची अपेक्षा एवढीच की, पुढच्या खेपेस तपासणीला जाताना साखरेच्या दोन आकड्यांच्या जोडीला रक्तदाब, एल.डी.एल. कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता आणि लघवीतील प्रथिने ही आणखी चार कलमे त्याने आपल्या कागदावर लिहून न्यावीत, आणि ‘साखर किती उतरली?’ याच्या पुढे जाऊन ‘माझ्या हृदयासाठी व मूत्रपिंडांसाठी यांतले कोणते औषध लागू आहे, आणि नसल्यास का नाही?’ असा प्रश्न विचारावा. प्रश्नाला वेळ लागेल, ओ.पी.डी.ची रांग मागून कुरकुर करील. तरीही तो विचारावा. गेल्या अर्धशतकात औषधांच्या बाबतीत जी सुधारणा झाली, ती कोणीतरी तोच प्रश्न चिकाटीने विचारल्यामुळे झाली आहे.

टेंभी नाका, ठाणे
गुढीपाडवा, शके १९४८